आफ्रिकेच्या स्वस्त प्रवासासाठी गाइडबुक कसं निवडायचं: आधी बसची पानं वाचा

आफ्रिकेला कमी पैशांत जायचं ठरलं की 'कुठलं गाइडबुक घेऊ?' हा प्रश्न लगेच येतो, आणि बहुतेक जण त्याचं उत्तर लोनली प्लॅनेट, ब्रॅट अशा गाइडबुक-मालिकेच्या नावात शोधतात. मालिकेला महत्त्व आहेच, पण ती बरीच नंतरची गोष्ट. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: तुम्ही नेमके कुठून कुठे जाणार आणि तुमचे पैसे नेमके कशावर खर्च होणार. हे ठरलं की दुकानातली निम्मी पुस्तकं आपोआप बाद होतात. उरलेल्यांची परीक्षा घ्यायला दहा मिनिटं पुरतात, फक्त कुठलं पान उघडायचं ते माहीत हवं. माझ्या मते ते पान मुखपृष्ठावरच्या हत्तीचं नसतं आणि 'आवर्जून पाहावीत अशी पंचवीस ठिकाणं' हेही नसतं. ते एखाद्या छोट्या गावाच्या माहितीच्या शेवटी, बारीक टायपात, 'इथे कसं पोचाल' या मथळ्याखाली असतं.

आधी मार्ग

आफ्रिकेत 54 देश आहेत आणि क्षेत्रफळ तीन कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास. अख्ख्या खंडाचं एकच पुस्तक घेतलं आणि ते हजार पानांचं जाडजूड असलं, तरी एका देशाच्या वाट्याला सरासरी वीस पानंही येत नाहीत. त्यातही दक्षिण आफ्रिका, मोरोक्को, केनिया, टांझानिया जास्त जागा खातात, म्हणजे बेनिन किंवा बुरुंडी चार-सहा पानांत आटोपतं. तेवढ्या पानांत राजधानी, दोन हॉटेलं आणि एक नकाशा एवढंच बसतं. असं पुस्तक दोनच प्रकारच्या लोकांनी घ्यावं: कैरो ते केपटाउनसारखा खरोखर लांबचा जमिनीवरचा प्रवास करणाऱ्यांनी आणि अजून कुठे जायचं हेच न ठरलेल्यांनी. या दुसऱ्या मंडळींनी तर ते विकत घेऊच नये. ग्रंथालयातून आणून दोन रविवार चाळावं आणि परत करावं.

बाकीच्यांनी आधी कागदावर तीन ओळी लिहाव्यात. विमान कुठे उतरणार, परत कुठून निघणार, आणि मधली कुठली दोन-तीन ठिकाणं काही झालं तरी सोडायची नाहीत. उदाहरणार्थ: नैरोबीत उतरायचं, दार एस सलामहून परतायचं, मध्ये युगांडातला बुन्योनी तलाव आणि झांझिबार. एवढं लिहिलं की तुम्हाला 'पूर्व आफ्रिका' असं विभागवार पुस्तक लागणार हे कळतं. तीन किंवा जास्त देश, प्रत्येकात आठवडाभर, असा प्रवास असेल तर विभागवार पुस्तक बरं. एकाच देशात दोन आठवड्यांहून जास्त राहणार असाल तर त्या देशाचं स्वतंत्र पुस्तक घ्या, त्यात काटकसर करू नका. इथिओपिया आणि मादागास्कर हे दोन देश तर कुठल्याही एकत्रित पुस्तकात नीट मावतच नाहीत. अंतरं मोठी, रस्ते संथ, आणि पाहण्यासारखं आडबाजूला विखुरलेलं.

उलट व्हिक्टोरिया धबधब्याच्या आसपास झांबिया, झिंबाब्वे, बोत्स्वाना आणि नामिबिया हे चारही देश इतके जवळ येतात, की तिथे एका देशाचं पुस्तक घेऊन फिरणं गैरसोयीचं. सकाळी एका देशात, दुपारी दुसऱ्यात असं सहज होतं.

तुमचे पैसे कशावर जाणार आहेत?

स्वस्त प्रवास म्हटलं की आपण स्वस्त खोल्या शोधायला लागतो. आफ्रिकेत मात्र, निदान पूर्वेला आणि दक्षिणेला, खोली आणि जेवण हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठे घास घेतात ती अभयारण्यांची प्रवेश फी, भाड्याची जीप, परवाने आणि व्हिसा. मसाई मारा राखीव क्षेत्रात 2024 पासून परदेशी पाहुण्याला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर आणि उरलेल्या सहा महिन्यांत 100 डॉलर मोजावे लागतात. गोरिला पाहायचा परवाना रवांडात 1500 डॉलरचा, युगांडात जुलै 2024 पासून 800 डॉलरचा. केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांचा मिळून एक पर्यटक व्हिसा निघतो, त्याचे 100 डॉलर. झांबिया आणि झिंबाब्वेचा मिळून काझा नावाचा व्हिसा 50 डॉलरचा. या आकड्यांपुढे डॉर्ममधली खाट आठ डॉलरची की अकराची, याला फारसा अर्थ राहत नाही.

म्हणून बजेट प्रवाशाने पुस्तकात स्वस्त हॉटेलांच्या आधी हे शोधावं: जीप भाड्याने न घेता प्राणी कसे पाहता येतील, हे त्यात सांगितलंय का? केनियातल्या नैवाशाजवळच्या हेल्स गेट उद्यानात सायकल घेऊन शिरता येतं आणि झेब्रे-जिराफांमधून स्वतः सायकल हाणता येते. इस्वातिनीतल्या (पूर्वीचं स्वाझीलँड) म्लिल्वाने अभयारण्यात पायी फिरता येतं. घानातल्या मोले उद्यानात वनरक्षकाबरोबर पायी सफारी होते आणि तिथे हत्ती दिसतात. ही तिन्ही ठिकाणं वर्षानुवर्षं कमी पैशांत फिरणाऱ्यांच्या यादीत आहेत. तुमच्या मार्गातल्या अशा ठिकाणाचं नाव पुस्तकाच्या सूचीत शोधा आणि तिथे किती ओळी दिल्यात ते बघा. पायी किंवा सायकलने आत जाता येतं हेच लिहिलेलं नसेल आणि त्याऐवजी शेजारच्या आलिशान लॉजचं कौतुक असेल, तर ते पुस्तक तुमच्यासाठी लिहिलेलं नाही.

मुखपृष्ठावर 'बजेट' छापलेलं असलं म्हणून फार विश्वास ठेवू नका. जवळजवळ प्रत्येक गाइडबुकात सुरुवातीला किंवा शेवटी किमतींची फोड असते: एका चिन्हाचा अर्थ अमुक डॉलरपर्यंत, दोन चिन्हांचा तमुकपर्यंत. ती चौकट आधी वाचा. दोघांच्या खोलीला पन्नास डॉलर म्हणजे 'स्वस्त' असं मानणारी पुस्तकं आहेत. तशा पुस्तकातला सगळ्यात स्वस्त पर्यायही तुमच्या खिशाबाहेरचा निघेल.

मालिकांचे स्वभाव

लोनली प्लॅनेट 1973 मध्ये सुरू झालं ते स्वस्तात फिरणाऱ्या तरुणांसाठी. बस कुठून सुटते, कुठे झोपायचं, सीमेवर काय होतं, हे थेट सांगणं ही त्यांची जुनी ताकद. पूर्व, दक्षिण आणि पश्चिम आफ्रिकेची त्यांची विभागवार पुस्तकं अनेकांनी झिजेपर्यंत वापरली. पण अलीकडच्या आवृत्त्यांचा कल पत्त्यांच्या लांब याद्या कमी करून फोटो आणि अनुभव वाढवण्याकडे आहे. चाळायला त्या सुंदर आहेत, पण रात्री नऊ वाजता अनोळखी बसस्टँडवर उतरल्यावर सुंदर पुस्तकाचा उपयोग मर्यादित. त्यामुळे या मालिकेचं नाव बघून नव्हे, ती विशिष्ट आवृत्ती हातात घेऊन निर्णय करा. काही वेळा आधीची आवृत्तीच बजेट प्रवाशाच्या जास्त कामाची ठरते.

ब्रॅट हे 1974 पासूनचं ब्रिटिश प्रकाशन. इतरांनी न हात लावलेले देश ही त्यांची खासियत आहे. मलावी, सिएरा लिओन, रवांडा, मोझांबिक अशा देशांना त्यांनी अख्खं पुस्तक दिलंय. इतिहास, पक्षी-प्राणी, गावागावांची माहिती भरपूर. निवाऱ्यांच्या यादीत महागडी लॉजेसही असतात, पण त्याच पानावर गावातलं साधं गेस्टहाउसही सापडतं. एकाच देशात नीट फिरायचं असेल तर मी आधी ब्रॅटच बघेन.

रफ गाइड्स 1982 मध्ये सुरू झालं. संस्कृती, संगीत, राजकारण यांवरचं लिखाण वाचनीय. आफ्रिकेत त्यांचा भर मोजक्या लोकप्रिय देशांवर आहे. मोरोक्को, केनिया किंवा दक्षिण आफ्रिका असेल तर नक्की पाहावं.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या फ्रेंचभाषक देशांबद्दल इंग्रजीत फार कमी छापलं जातं. तिथे पेटी फुते ही फ्रेंच मालिका बरीच पुढे आहे. फ्रेंच येत नसेल तरी घाबरू नका. पत्ते, दर, बस कंपन्यांची नावं आणि नकाशे वाचायला जुजबी फ्रेंच पुरतं, आणि सेनेगल किंवा कॅमेरूनला निघालाच असाल तर तेवढं शिकावं लागणारच आहे.

पुस्तकाचं खरं वय

इथे जरा थांबायला हवं, कारण आफ्रिकेच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मुखपृष्ठावरचं वर्ष किंवा ऑनलाइन दुकानात दिसणारी तारीख धरून चालू नका. आतलं प्रकाशनाच्या तपशिलाचं पान उघडा. तिथे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण हे वेगळं दिलेलं असतं. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला, एवढंच. शिवाय लेखक प्रत्यक्ष फिरून आल्यापासून पुस्तक बाजारात येईपर्यंत बरेच महिने जातात. म्हणजे नव्याकोऱ्या आवृत्तीतली माहितीही वर्षभर जुनी असू शकते. 2020 आणि 2021 मध्ये तर सीमा बंद, विमानं बंद, त्यामुळे त्या काळातल्या आवृत्तीत लेखक खरंच फिरून आले होते की फोन करून माहिती गोळा केली, हे प्रस्तावनेतून ताडून पाहा. प्रामाणिक लेखक ते लिहितात.

तारखेवर विश्वास नसेल तर मजकूरच वय सांगतो. काही खुणा लक्षात ठेवा.

स्वाझीलँडने 2018 मध्ये इस्वातिनी हे नाव घेतलं. पुस्तकात जुनंच नाव असेल तर पुढे विचारायला नको. पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीचं प्रमाणपत्र जुलै 2016 पासून आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलं जातं. 'दर दहा वर्षांनी लस घ्या' असं लिहिलेलं पान त्याआधीचं, किंवा आधीच्या आवृत्तीतून न बघता उचललेलं. नैरोबी ते मोंबासा जुनी रात्रीची गाडी 2017 मध्ये थांबली आणि त्याच वर्षी नव्या रुंद रुळांवरची गाडी सुरू झाली. कुठल्या गाडीचं वर्णन आहे ते बघा. बोत्स्वाना आणि झांबियाच्या मध्ये कझुंगुलाला झांबेझी नदी पूर्वी तराफ्यासारख्या फेरीबोटीने ओलांडावी लागे. मे 2021 मध्ये तिथे पूल खुला झाला. गांबिया नदीवर फराफेनीजवळ 2019 च्या जानेवारीत पूल झाला, त्यामुळे सेनेगलच्या उत्तरेकडून दक्षिणेत कासामांसला जाण्याचा जुना, फेरीची वाट बघण्याचा प्रवासच बदलला. इथिओपियातून केनियात उतरताना मोयाले ते इसिओलो हा रस्ता एके काळी खडकाळ आणि लुटारूंमुळे कुप्रसिद्ध होता, ट्रकच्या टपावर बसून लोक दोन-दोन दिवस जात. आता तो डांबरी आहे. पुस्तकात अजूनही ट्रकच असेल, तर वर्णन वाचून मजा येईल, पण नियोजन करू नका.

आणि शेवटची खूण केनियाच्या व्हिसाची. जानेवारी 2024 पासून केनियाने स्वतःचा वेगळा व्हिसा बंद करून त्याऐवजी निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची ईटीए परवानगी आणली. 'विमानतळावर व्हिसा मिळेल' असं पुस्तक सांगत असेल तर ते त्याआधीचं.

यातल्या सगळ्या खुणा तुमच्या मार्गावर येणार नाहीत. तुमच्या मार्गातल्या दोन निवडा. पुस्तक दोन्हींत नापास झालं तर ठेवून द्या. एकात पास, एकात नापास झालं, तर लेखकाने काही भाग नव्याने पाहिलाय आणि काही तसाच ठेवलाय. अशी पुस्तकं बरीच असतात आणि ती वापरता येतात, फक्त कुठला भाग ताजा आहे ते ओळखून.

एका पानाची परीक्षा

आता ते बारीक टायपातलं पान. राजधानीचं नको, राजधानीची पानं सगळेच नीट लिहितात. मार्गातलं एखादं लहान गाव घ्या. समजा मलावीतलं न्खाटा बे. मलावी सरोवराच्या काठचं हे गाव, पाठीवर बोचकं घेऊन फिरणाऱ्यांचं जुनं थांबण्याचं ठिकाण. जवळचं मोठं शहर म्झुझू, अंतर सुमारे पन्नास किलोमीटर.

एखादं पुस्तक म्हणेल, 'म्झुझूहून मिनीबस आणि शेअर टॅक्सी नियमित मिळतात.' हे वाक्य खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. दुसरं पुस्तक सांगेल की गाड्या म्झुझूत कुठल्या बाजूला उभ्या असतात, वेळापत्रक नसतं आणि गाडी भरली की सुटते, सकाळी लवकर भरते आणि दुपारनंतर ताटकळावं लागतं, अंधार पडायच्या आत पोचावं, मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे मागतात आणि ते किती द्यावेत. हे दुसरं पुस्तक लिहिणारा त्या गाडीत बसला होता. त्याची बाकीची पानंही साधारण अशीच असणार.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट तपासा. न्खाटा बेला 'इलाला' नावाची बोट लागते. मलावी सरोवरावर ती 1951 पासून चालते आहे. तिचं नुसतं वेळापत्रक छापून पुस्तक मोकळं झालं असेल तर शंका घ्या. ही बोट उशिरा येते, कधी दुरुस्तीसाठी महिनोन्महिने बंद असते, आणि खऱ्या लेखकाने 'निघण्याआधी बंदरावर विचारा' असं लिहिलेलं असतं. दार एस सलाम ते झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंत जाणाऱ्या ताझारा रेल्वेचंही तेच. 1860 किलोमीटरचा हा प्रवास कमी पैशांत निम्मा खंड बघायची उत्तम सोय, पण पोचण्याची वेळ ठामपणे सांगणाऱ्या पुस्तकाने ती गाडी पाहिलेली नाही.

पूर्व आफ्रिकेच्या पुस्तकात एवढं जरूर शोधा: स्वाहिली वेळ. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे पहिला तास. बसवाल्याने 'सा म्बिली' सांगितलं, म्हणजे शब्दशः 'दोन वाजता', तर ते सकाळचे आठ असू शकतात. इथिओपियातही हीच पद्धत, वर त्यांचं तेरा महिन्यांचं स्वतंत्र कॅलेंडर. ही सूचना प्रवासाच्या पानांवर न देता फक्त संस्कृतीच्या प्रकरणात देणारं पुस्तक म्हणजे लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापायला विसरलेला छापखाना.

वाहनांची स्थानिक नावं पुस्तकात दिलेली असावीत, कारण विचारताना तीच लागतात. केनियात मटाटू, टांझानियात डालाडाला, घानात ट्रोट्रो, मोझांबिकमध्ये चापा, सेनेगलमध्ये सात जणांची सेट-प्लास. युगांडातली बोडाबोडा ही मोटारसायकल टॅक्सी. तिचं भाडं आधी ठरवा असं सांगण्याबरोबर हेल्मेटबद्दल बोलणारा लेखक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

पैशांची आणि सीमेची पानं

ही दोन प्रकरणं दुकानातच उभं राहून वाचावीत. पैशांच्या प्रकरणात बघायचं ते असं. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत जुन्या डॉलरच्या नोटा अनेक ठिकाणी घेत नाहीत, आणि एक-पाच-दहाच्या नोटांना पन्नास-शंभरच्या नोटांपेक्षा कमी दर देतात. पुस्तक हे सांगतं का? केनियात 2007 पासून एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आहे आणि टपरीवरही लोक तिनेच पैसे देतात. प्रवाशाला ते कसं वापरता येईल याबद्दल दोन ओळी तरी आहेत का?

पश्चिमेला जाणाऱ्यांनी सीएफए फ्रँकचं पान काळजीपूर्वक पाहावं. नाव एक, पण चलनं दोन. सेनेगल, माली, बेनिन, आयव्हरी कोस्ट वगैरे आठ देशांचं एक, आणि कॅमेरून, गॅबन, चाड वगैरे सहा देशांचं दुसरं. दोन्हींचा युरोशी दर एकच बांधलेला, एका युरोला 655.957 फ्रँक, तरी एका गटाची नोट दुसऱ्या गटातल्या दुकानात चालत नाही. बेनिनहून कॅमेरूनला जाणाऱ्याच्या खिशात यामुळे निरुपयोगी नोटा उरतात. हा फरक ठळकपणे न सांगणारं पश्चिम आफ्रिकेचं पुस्तक मी तरी घेणार नाही.

व्हिसाच्या माहितीबाबत एक खबरदारी. ही पुस्तकं बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या पासपोर्टवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. 'व्हिसा लागत नाही' हे त्यांच्यासाठी खरं आणि तुमच्यासाठी चुकीचं असू शकतं. तेव्हा व्हिसाचं पान पुस्तकाची गुणवत्ता मोजायला वापरा, पण अर्ज मात्र त्या देशाच्या दूतावासाचं किंवा इमिग्रेशन खात्याचं संकेतस्थळ बघूनच करा.

सीमांबाबत पुस्तक कधीच पूर्ण ताजं नसतं. रवांडा आणि युगांडामधला गातुना नाका 2019 मध्ये बंद झाला तो 2022 च्या सुरुवातीला उघडला. रवांडा आणि बुरुंडीमधली सीमा जानेवारी 2024 मध्ये बुरुंडीने बंद केली. मोरोक्को-अल्जीरिया सीमा तर 1994 पासून बंदच आहे. चांगलं पुस्तक प्रत्येक मार्गाला पर्यायी नाका सांगतं. ते आहे का, एवढं बघा.

जुनं पुस्तक हातात आलं तर

मालिकेतला तुमचा देश कधी कधी सात-आठ वर्षांपासून नव्याने छापलेलाच नसतो. मग जुनंच घ्यावं लागतं, आणि ते वाईट नाही. डोंगर, तलाव, बाजाराचे वार, पावसाचे महिने, गावाची रचना हे सगळं टिकतं. दर आणि फोन नंबर टिकत नाहीत.

दरांसाठी ही रीत वापरा. पुस्तकातल्या तीन गोष्टी निवडा: एक हॉस्टेलची खाट, एक लांबचं बस तिकीट, एक उद्यानाची फी. तिन्हींचे आजचे दर इंटरनेटवर शोधा. पुस्तकात खाट बारा डॉलरची आणि आज अठराची असेल तर दीडपट झाली. बस आणि फीची पटही तशीच काढा. तीन वेगवेगळ्या पटी निघतील, फीची बहुधा सगळ्यात मोठी. मग निवाऱ्याचे सगळे दर निवाऱ्याच्या पटीने वाढवायचे, प्रवासाचे प्रवासाच्या. हा हिशोब डॉलरमध्येच करा. स्थानिक चलनातले जुने आकडे बिनकामाचे असतात: नायजेरियाचा नायरा 2023 मध्ये आणि इथिओपियाचा बिर 2024 मध्ये बाजारावर सोडल्यावर कोसळला, मलावीने नोव्हेंबर 2023 मध्ये क्वाचाची मोठी घसरण जाहीर केली, झिंबाब्वेने एप्रिल 2024 मध्ये झिग नावाचं नवंच चलन आणलं. झांबियाने तर 2013 मध्ये क्वाचाची तीन शून्यं उडवली, त्यामुळे जुन्या पुस्तकात लाखांतले दर दिसले तर दचकू नका.

सुरक्षिततेची पानं मात्र जुन्या पुस्तकातून घेऊ नका, अगदी दोन वर्षांपूर्वीच्याही नाही. सुदानमध्ये एप्रिल 2023 मध्ये युद्ध पेटलं आणि कैरोहून खाली येणारा जुना जमिनीवरचा मार्ग तुटला. माली, बुर्किना फासो आणि नायजर 2020 ते 2023 च्या दरम्यान लष्करी उठावांतून गेले. एके काळी मालीतलं टिंबक्टू पश्चिम आफ्रिकेच्या प्रत्येक पुस्तकात 'जायलाच हवं' या यादीत असे. यासाठी सरकारी प्रवास-सूचना निघायच्या आठवड्यात वाचा.

कागद, फोन आणि नकाशे

ई-बुक स्वस्त पडतं, वजन नसतं, शोधता येतं. पण गाइडबुक आपण सरळ वाचत नाही, मागेपुढे पानं उलटत वाचतो. नकाशाचं पान, हॉटेलचं पान, पुन्हा नकाशा. हे फोनवर त्रासदायक होतं. शिवाय लांबच्या मिनीबसमध्ये चार्जिंग नसतं आणि गर्दीच्या स्टँडवर फोन बाहेर काढून उभं राहणं शहाणपणाचं नाही. माझी पसंती मुख्य देशाचं पुस्तक कागदी आणि एक-दोन दिवसांपुरत्या देशांची प्रकरणं ई-बुकमधून, अशी आहे. काही प्रकाशक सुटी प्रकरणंही विकतात, ती असतील तर उत्तम. कागदी पुस्तक जाड असेल तर हव्या त्या देशांची पानं कापून वेगळी बांधून न्यावीत. पुस्तकं कापणं पाप वाटत असेल तर जुनी प्रत घ्या, तिच्यावर कात्री चालवताना हात कमी थरथरतो.

नकाशांसाठी पुस्तकावर अवलंबून राहू नका. ऑरगॅनिक मॅप्ससारखं ऑफलाइन ॲप देशाचा नकाशा आधी उतरवून घेतं आणि सिग्नल नसला तरी चालतं. स्वतःची गाडी घेऊन नामिबिया-बोत्स्वाना करणाऱ्यांत ट्रॅक्स फॉर आफ्रिकाचे नकाशे आणि तळ टाकायच्या जागांसाठी आयओव्हरलँडर ॲप चांगलं वापरात आहे. नामिबियात सार्वजनिक वाहतूक फारच तुरळक, त्यामुळे तिथे स्वस्त प्रवास म्हणजे तीन-चार जणांत गाडी वाटून घेणं. तेव्हा त्या देशाचं पुस्तक घेताना बसच्या पानांऐवजी खडीच्या रस्त्यांची, पेट्रोल पंपांमधल्या अंतरांची आणि कॅम्पिंगच्या आगाऊ बुकिंगची माहिती बघा. वर सांगितलेली एका पानाची परीक्षा तिथे या पानांवर घ्यायची.

विकत घेताना

मार्ग नक्की झाल्यावर आणि निघायच्या दोन-तीन महिने आधी घ्या. त्याच्याही आधी घेतलं तर मधल्या काळात नवी आवृत्ती येऊ शकते. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर येणाऱ्या आवृत्तीची तारीख बहुधा आधीच लावलेली असते, ती बघून घ्या. लस मात्र याहून आधी बघावी लागते. पीतज्वराचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं, आणि मलेरियाच्या गोळ्यांबद्दल पुस्तकाला नाही, डॉक्टरांना विचारायचं असतं.

ऑनलाइन दुकानात नमुना पानं दाखवतात, पण बहुतेकदा प्रस्तावना आणि अनुक्रमणिकाच. ते पुरेसं नाही. ग्रंथालयात त्याच मालिकेचं दुसऱ्या कुठल्याही आफ्रिकी देशाचं पुस्तक मिळालं तरी चालेल. लिहिण्याची पद्धत मालिकेत साधारण सारखीच असते. त्यातलं एक लहान गाव काढा आणि 'इथे कसं पोचाल' वाचा.

एकत्र दोन-तिघे जाणार असाल तर सगळ्यांनी एकच पुस्तक घेण्यात अर्थ नाही. एकाने विभागवार, दुसऱ्याने मुख्य देशाचं घ्यावं. आणि वाटेतल्या हॉस्टेलांमध्ये पुस्तकं बदलून घ्यायचं कपाट असतं, तिथे पुढच्या देशाचं पुस्तक बऱ्याचदा मिळून जातं. त्यात आधीच्या कुणी समासात पेनाने लिहिलेलं असेल, 'हे बंद झालं', 'दर दुप्पट', 'मागच्या दाराने जा', तर ती प्रत नव्यापेक्षा जास्त मोलाची. आधी प्रकाशनाचं पान बघा, मग समास, आणि बॅगेत टाका.